उडत्या पक्ष्यांसाठी ऑटोफोकस: कॅमेरा कसा लावायचा आणि सुरुवात कुठून करायची

६०० मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/६.३ आणि वीस मीटरवरून उडत येणारा बगळा. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर या अंतराला जेमतेम ४० सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट दिसतो, त्याच्या पुढचं-मागचं सगळं धूसर. बगळा सेकंदाला दहा मीटर वेगाने सरळ तुमच्याकडे येत असेल, तर हा पट्टा तो साधारण ०.०४ सेकंदात ओलांडतो. दहा मीटरवर आला की पट्टा उरतो दहा-एक सेंटिमीटरचा. म्हणजे डोळा आणि चोचीचं टोक दोन्ही एकदम स्पष्ट मिळतील याचीही खात्री नाही.

त्यामुळे पक्षी आत्ता कुठे आहे एवढं कॅमेऱ्याला कळून भागत नाही. शटर उघडेल त्या क्षणी तो कुठे असेल, याचा अंदाज बांधून लेन्स आधीच तिथे न्यावी लागते. आजचे कॅमेरे हे काम फार छान करतात. अडचण एवढीच, की कुठल्या वस्तूचा अंदाज बांधायचा हे त्यांना आपण सांगावं लागतं. मेनूमधली नावं बघून नवीन माणूस गांगरतो, पण त्यातल्या बहुतेक सेटिंग्ज दोनच गोष्टी विचारत असतात: फ्रेममधलं काय धरायचं, आणि धरलेलं निसटतंय असं वाटलं तर त्याला किती वेळ चिकटून राहायचं. माझ्या मते या दोन्हींचं उत्तर पक्ष्यापेक्षा पक्ष्याच्या मागे काय आहे त्यावरून ठरतं. मोकळं आकाश असेल तर एक मांडणी, झाडी असेल तर दुसरी. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी शटर आणि आयएसओ

फोकसच्या लेखात शटर स्पीड आधी घेतोय याला कारण आहे. 'फोकस चुकला' म्हणून पुसून टाकलेले कितीतरी फोटो फोकसमध्येच असतात, फक्त हललेले असतात. शटर पुरेसा वेगवान नसेल तर ऑटोफोकसने काम नीट केलं की नाही हे तपासायलाच मार्ग राहत नाही.

कॅमेरा एम, म्हणजे मॅन्युअल मोडवर घ्या. शटर १/२००० सेकंदावर ठेवा. पंख पसरून तरंगणाऱ्या घारीला १/१२५० सुद्धा पुरतो. भिंगरी, वेडा राघू यांच्यासारख्या चपळ, लहान पक्ष्यांना १/३२०० किंवा त्याहून जास्त लागतो. अ‍ॅपर्चर लेन्स जितकं उघडेल तितकं उघडं ठेवा. आयएसओ (सेन्सरने प्रकाशाला किती प्रतिसाद द्यायचा ते) सुरुवातीला ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा ६४०० लावा. दाणेदार फोटो नंतर सॉफ्टवेअरमध्ये बराच सुधारता येतो, हललेला सुधारत नाही. म्हणून आयएसओ वाचवण्यासाठी शटर खाली आणू नका.

ऑटो आयएसओची एक खोड मात्र माहीत हवी. पांढरा बगळा उजळ आकाशासमोरून उडत उडत गडद झाडीसमोर आला, की कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला. तो आयएसओ वाढवतो आणि बगळ्याची पिसं पांढरीफटक होऊन जातात. प्रत्यक्षात बगळ्यावर पडणारं ऊन तेवढंच असतं. त्यामुळे आकाश निरभ्र आणि ऊन स्थिर असेल तर आयएसओही हाताने ठरवून टाका. एखादा फोटो काढा, पिसांचा तपशील दिसतोय का बघा, आणि मग पार्श्वभूमी कितीही बदलली तरी त्याला हात लावू नका. ढगांची ये-जा असेल तर ऑटो आयएसओच बरा. तेव्हा पांढुरक्या आकाशासमोरच्या गडद पक्ष्यासाठी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करणारं सेटिंग) +१ च्या आसपास आणि गडद झाडीसमोरच्या पांढऱ्या पक्ष्यासाठी –१ च्या आसपास, इतकं धरून चाला.

सतत फोकस, आणि त्यासाठी वेगळं बटण

फोकस मोड सतत फोकसचा हवा. कॅननच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) त्याला एआय सर्व्हो म्हणतात, मिररलेसवर (आरसा नसलेल्यावर) सर्व्हो एएफ. निकॉन आणि सोनीवर तो एएफ-सी आहे, ओएम सिस्टीमवर सी-एएफ. कॅननवर एआय फोकस किंवा निकॉन-सोनीवर एएफ-ए नावाचा पर्याय दिसेल. वस्तू हलतेय की स्थिर आहे हे त्यात कॅमेरा स्वतः ठरवतो. उडत्या पक्ष्याच्या बाबतीत ठरवण्यासारखं काही नसतंच, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका.

सतत फोकसचं मर्म असं, की बटण दाबून धरलं तरच कॅमेरा वेग आणि दिशा मोजत राहतो. पक्षी चौकटीत आल्याबरोबर शटर दाबला तर कॅमेऱ्याकडे अंदाज बांधायला माहितीच नसते. पक्षी फोकसमध्ये घ्या, अर्धा-एक सेकंद त्याच्यासोबत कॅमेरा फिरवत राहा, आणि मग शटर दाबा. हा अर्धा सेकंद सोडू नका. पहिलेच फोटो मऊ, म्हणजे किंचित धूसर येतात त्याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं.

आता बॅक-बटण फोकस. शटर बटणाकडून फोकसचं काम काढून घ्यायचं आणि मागच्या एएफ-ऑन बटणाला द्यायचं. अंगठ्याने फोकस, तर्जनीने शटर. फायदा असा, की पक्षी क्षणभर फांदीआड गेला तर अंगठा उचलून फोकस आहे तिथेच थांबवता येतो आणि पक्षी बाहेर आला की पुन्हा दाबता येतो. यात शटरशी काही देणंघेणं नाही. शिवाय पक्षी बसला तर फोकस घेऊन अंगठा उचलायचा आणि हवी तशी फ्रेम जुळवायची. त्यासाठी मोड बदलावा लागत नाही. पहिले काही दिवस बोटांची तारांबळ उडेल. हात बसेपर्यंत चिकाटी धरा. ज्यांना अजिबात जमत नाही त्यांनी अर्ध्या दाबाने फोकस घेतला तरी चांगले फोटो येतात, यात धर्मसंकट नाही.

सोनी आणि निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एएफ-ऑन सुरू केल्यावरही शटरचा अर्धा दाब फोकस करतच राहतो. तो मेनूत जाऊन वेगळा बंद करावा लागतो. हे राहून गेलं तर दोन बटणं एकाच वेळी फोकस ओढतात आणि कॅमेरा बिघडला की काय असं वाटायला लागतं.

फोकस क्षेत्र: मागे काय आहे?

फोकस क्षेत्र म्हणजे फ्रेमचा तो भाग, जिथे कॅमेरा फोकससाठी वस्तू शोधतो. इथे मात्र थोडं सावकाश जाऊ, कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडतो.

एकच बिंदू घेऊन उडत्या पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवायचा, हा विचार चुकीचा नाही, पण हाताला झेपणारा नाही. ६०० मिमीवर पक्षी फ्रेममध्ये ठेवणंच अवघड असतं, त्याच्या डोळ्यावर बिंदू ठेवणं तर अनुभवी हातांनाही दर वेळी साधत नाही. बिंदू जरा सरकला की फोकस थेट मागच्या झाडीवर जातो. उलट सगळी फ्रेम कॅमेऱ्याच्या हवाली केली तर तो बहुधा जवळची किंवा जास्त ठळक दिसणारी वस्तू उचलतो. ती पक्षी असेलच असं नाही.

मागे मोकळं आकाश असेल तर मोठं क्षेत्र घ्या. कॅननवर झोन किंवा लार्ज झोन, निकॉनच्या डीएसएलआरवर ग्रुप-एरिया, मिररलेस झेड मालिकेत वाइड-एरिया लार्ज, सोनीवर झोन किंवा वाइड. आकाशात धरण्यासारखं दुसरं काही नसतं, त्यामुळे पक्षी क्षेत्रात कुठेही असला तरी फोकस त्याच्यावरच बसतो. तुम्हाला फक्त त्याला क्षेत्रात ठेवायचं. नवशिक्यांनी आपला सगळा सराव आधी याच परिस्थितीत करावा.

मागे झाडी, डोंगर, इमारती असतील तर क्षेत्र लहान करा. कॅननवर एएफ पॉइंट एक्स्पान्शन, निकॉनवर डायनॅमिक-एरिया, सोनीवर एक्स्पांड स्पॉट. नावं वेगळी, पण काम एकच: मधला बिंदू मुख्य, आणि पक्षी त्यावरून निसटला तर आजूबाजूचे बिंदू मदतीला. निकॉनच्या डायनॅमिक आणि ग्रुपमधला फरक नीट समजून घ्या, कारण पडद्यावर दोन्ही दिसायला सारखेच वाटतात. डायनॅमिकमध्ये निवडलेल्या बिंदूला मान असतो आणि बाकीचे त्याचे सहायक. ग्रुपमध्ये सगळे बिंदू बरोबरीचे, आणि त्यांच्या आवाक्यात जे सगळ्यात जवळ असेल त्याला प्राधान्य. ग्रुप उडत्या पक्ष्याला पकडतो पटकन, कारण पार्श्वभूमीपेक्षा पक्षी जवळ असतो. पण बगळा आडवा जात असेल तर सगळ्यात जवळ असतो तो आपल्या बाजूचा पंख. पंख खाली आला की फोकस पंखाच्या पिसांवर जातो आणि डोळा मागे राहतो. वीस मीटरवर हे लपून जातं, दहा मीटरवर लपत नाही. पक्षी फार जवळून जाणार असेल तर डायनॅमिक घ्या आणि बिंदू मानेच्या बुडाशी ठेवायचा प्रयत्न करा.

डीएसएलआर वापरणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. तुमच्या कॅमेऱ्यातले सगळे फोकस बिंदू सारख्या ताकदीचे नसतात. क्रॉस-टाइप बिंदू आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखतात, साधे बिंदू एकाच दिशेच्या. निकॉन डी५०० मध्ये १५३ पैकी ९९ बिंदू क्रॉस-टाइप आहेत. कॅनन ७डी मार्क २ मध्ये सगळेच्या सगळे ६५ क्रॉस-टाइप आहेत, पण बऱ्याच स्वस्त मॉडेलांत हा मान फक्त मधल्या एका बिंदूला असतो. तुमच्या कॅमेऱ्यात ते कुठे आहेत हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. सुरुवातीला मधल्याच बिंदूवर काम करा आणि फ्रेमची मांडणी नंतर फोटो कातरून (क्रॉप करून) करा.

पाण्यावरून उडणारे पक्षी या दोन्हींच्या मध्ये येतात. संथ पाणी आकाशासारखंच वागतं. लाटा आणि उन्हाची चमचम असेल तर फोकस त्या चमकणाऱ्या ठिपक्यांवर घसरतो. तेव्हा लहान क्षेत्रच बरं.

पक्षी ओळखणारा कॅमेरा असेल तर

अलीकडच्या मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये पक्षी आणि त्याचा डोळा ओळखण्याची सोय असते. मेनूत 'बर्ड' असा वेगळा पर्याय असेल तर तोच निवडा, नसेल तर 'अ‍ॅनिमल'. 'ऑटो'वर ठेवलं तर कॅमेरा माणूस, गाडी, पक्षी सगळंच शोधत बसतो. पक्षी टिपायचा असेल तर बाकीचं शोधायला लावू नका.

ही सोय आली म्हणून फोकस क्षेत्र बिनमहत्त्वाचं झालं असा समज फार पसरलाय. तो खरा नाही. ओळख पटण्याआधी कॅमेऱ्याला पक्षी थोडा तरी स्पष्ट दिसावा लागतो. लेन्स दोन मीटरवर फोकस होऊन बसली असेल आणि पक्षी ऐंशी मीटरवर असेल, तर व्ह्यूफाइंडरमध्ये पक्ष्याचा नुसता राखाडी डाग दिसतो, कधी तोही नाही. डागाला डोळा नसतो, म्हणून कॅमेरा काही ओळखत नाही आणि मागच्या झाडावर जाऊन बसतो. एकदा का झाडावर बसला, की पक्षी समोरून जातोय तरी तो तिकडून हलत नाही.

उपाय असा: मुख्य बटणावर मोठं क्षेत्र आणि पक्षी-ओळख ठेवा, आणि दुसऱ्या एखाद्या बटणावर लहान क्षेत्र. बहुतेक मध्यम आणि वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत एखाद्या बटणाला 'फोकस क्षेत्र आणि फोकस सुरू' असं दुहेरी काम देता येतं. मोठ्या क्षेत्राने पक्षी सापडला नाही की लहान क्षेत्राच्या बटणाने त्याला हाताने पकडायचं, आणि पकडला की परत मोठ्या क्षेत्राकडे यायचं. निकॉनच्या ३डी-ट्रॅकिंगमध्ये, सोनीच्या ट्रॅकिंगच्या पर्यायांत आणि कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांतल्या संपूर्ण-क्षेत्र ट्रॅकिंगमध्ये हीच सोय एका बटणात मिळते: सुरुवात तुम्ही लहान चौकटीने करता, पुढे पक्षी फ्रेमभर कुठेही गेला तरी कॅमेरा त्याच्या मागावर राहतो. मला झाडीसमोरच्या पक्ष्यांसाठी हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते.

आणखी दोन गोष्टी मिररलेसवाल्यांनी आधीच करून टाकाव्यात. फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवण्याची सोय बंद करा. नाहीतर नेमका पक्षी वळताना व्ह्यूफाइंडरमध्ये आधीचा फोटो येऊन उभा राहतो. आणि इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर पंखांचा आकार तपासा. सेन्सर सावकाश वाचला जाणाऱ्या कॅमेऱ्यांत जोरात हलणारे पंख वाकडे येतात. तसं दिसलं तर मेकॅनिकल शटरवर या.

चिकटून किती राहायचं

या सेटिंगला पहिल्या दिवशी हात लावायचा नाही. कारखान्यातून आलेली मधली पायरी बहुतेक वेळा योग्य असते, आणि क्षेत्र चुकीचं निवडल्यामुळे होणारा त्रास लोक इथे येऊन दुरुस्त करायला बघतात. तरी ते काय आहे ते कळायला हवं.

पक्षी आणि तुम्ही यांच्यामध्ये खांब, फांदी, दुसरा पक्षी आला तर कॅमेऱ्याने लगेच त्या नव्या वस्तूवर उडी मारायची, की आधीच्याला धरून थांबायचं? कॅननवर याला ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी म्हणतात. उणे बाजू म्हणजे चिकटून राहा, अधिक बाजू म्हणजे लगेच बदल. निकॉनवर १ म्हणजे चटकन बदल आणि ५ म्हणजे उशिरा. सोनीवर नेमकं उलटं: १ म्हणजे धरून ठेव आणि ५ म्हणजे चटकन बदल. एका कंपनीचा कॅमेरा सोडून दुसऱ्या कंपनीचा घेतला, किंवा मित्राने सांगितलेला आकडा जसाच्या तसा लावला, की इथे हमखास गल्लत होते. आकडा विचारू नका, दिशा विचारा.

झाडीतून, खांबांमधून उडणाऱ्या पक्ष्यासाठी धरून ठेवण्याच्या बाजूला एक पायरी. मोकळ्या आकाशात अचानक समोर येणाऱ्या भिंगऱ्यांसाठी चटकन बदलण्याच्या बाजूला एक पायरी. पण धरून ठेवण्याचा दुसरा परिणाम विसरू नका. तुमचाच पहिला फोकस झाडावर बसला असेल तर कॅमेरा त्या झाडालाच इमानाने धरून बसेल. अशा वेळी बटण सोडून पुन्हा दाबायचं. दाबून धरून कॅमेऱ्याला शहाणपण सुचेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नसतो.

याच मेनूत प्राधान्याचं सेटिंग असतं. रिलीज-प्राधान्य म्हणजे फोकस बसो न बसो, फोटो निघणार. फोकस-प्राधान्य म्हणजे फोकस बसल्याशिवाय फोटो नाही, मग वेग कमी झाला तरी चालेल. सोनीवर मधला, समतोल पर्याय आहे. तो घ्या. कॅननवर पहिल्या फोटोसाठी आणि पुढच्या फोटोंसाठी वेगवेगळं ठरवता येतं. तिथे पहिल्यासाठी फोकसकडे झुकतं माप द्या.

लेन्सवरचे स्विच

फोकस लिमिटर फार उपयोगाचा आहे. बरेच जण त्याला कधीच हात लावत नाहीत. फोकस हुकला की लेन्स जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत चाचपडत जाते आणि तेवढ्यात पक्षी निघून जातो. लिमिटरने जवळचा भाग वगळला की हा फेरा छोटा होतो. सोनी २००-६०० मिमी लेन्सवर १० मीटर ते अनंत असा पर्याय आहे, कॅनन आरएफ १००-५०० मिमीवर ३ मीटर ते अनंत. उडते पक्षी बहुधा त्यापलीकडेच असतात. फक्त संध्याकाळी जवळच्या फुलाचा फोटो घ्यायला गेलात आणि फोकसच होईना, तर आधी हा स्विच बघा.

स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी सोय) पॅनिंगच्या, म्हणजे पक्ष्यासोबत कॅमेरा फिरवण्याच्या मोडवर ठेवा. कॅनन, सोनी, सिग्मा यांच्या लेन्सवर तो बहुधा मोड २ असतो, निकॉनवर स्पोर्ट. साध्या मोडमध्ये काही लेन्स तुम्ही मुद्दाम फिरवलेल्या कॅमेऱ्यालाही हादरा समजून थोपवू बघतात आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र झटके देतं. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) सध्या बॅगेतच राहू द्या. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश खातो, एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते, आणि फोकस मंदावतो. डीएसएलआरवर तर एफ/८ च्या पलीकडे फोकस बंदच पडू शकतो.

मैदानात: पहिला फोकस बसवणं

सगळं नीट लावूनही पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये सापडत नाही, ही नवीन माणसाची खरी अडचण. त्यावर तीन सवयी लावून घ्या.

पहिली, फोकस आधीच अंतरावर नेऊन ठेवा. पक्षी येण्याची शक्यता आहे तितक्याच अंतरावरचं एखादं झाड किंवा जमिनीचा तुकडा निवडा, त्यावर फोकस घ्या आणि बटण सोडा. आता पक्षी आला की तो आधीपासूनच अर्धा स्पष्ट दिसेल आणि कॅमेऱ्याला शोधाशोध करावी लागणार नाही. दर थोड्या वेळाने हे पुन्हा करत राहा. एवढी एक सवय लागली तरी हुकणारे फोटो बरेच कमी होतात.

दुसरी, नजर पक्ष्यावरून हलवू नका. पक्षी दिसला की लोक कॅमेऱ्याकडे बघतात, मग व्ह्यूफाइंडरमध्ये, मग आकाशभर पक्षी शोधतात. त्याऐवजी पक्ष्याकडे बघत राहा आणि कॅमेरा उचलून नजरेच्या रेषेत आणा. झूम लेन्स असेल तर २०० मिमीवर पक्षी पकडा, फोकस बसू द्या, मग झूम करा. कोपरं अंगाला टेकलेली, पाय पक्षी जिथे जाणार त्या दिशेला वळलेले, आणि फिरणं कमरेतून. पाय पक्षी येतोय त्या दिशेला रोवले तर पक्षी सगळ्यात चांगल्या जागी येईतो तुमची कंबर पिळून संपलेली असते.

तिसरी, बटण धरून न ठेवता टिचक्या मारा. दूरचा पक्षी येताना अंगठ्याने फोकस मधूनमधून दाबत-सोडत राहायचं. पक्षी टप्प्यात आला की मग दाबून धरायचं. दूरचा, छोटा पक्षी सतत धरून ठेवायला गेलं की मध्येच कुठेतरी फोकस पार्श्वभूमीवर घसरतो आणि नंतर नेमक्या क्षणी परत येत नाही.

वारा आणि सूर्य कुठे आहेत ते बघून उभे राहा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून झेप घेतात आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात. वारा तुमच्या पाठीकडून येत असेल आणि सूर्यही पाठीशी असेल, तर उतरणारे पक्षी तुमच्याकडे तोंड करून येतील आणि डोळ्यात उजेड असेल. शिवाय वाऱ्याविरुद्ध उडणारा पक्षी जमिनीच्या हिशेबाने मंद सरकतो, म्हणजे फोकसलाही वेळ मिळतो. वारा समोरून असेल तर दिवसभर शेपट्याच मिळतील.

बसलेला पक्षी उडण्याची वाट बघत असाल तर त्याच्या हालचाली वाचा. शरीर किंचित खाली दबतं, मान पुढे जाते, पाय वाकतात. शिकारी पक्षी बरेचदा उडण्याआधी शिटतात. तेवढ्यात फ्रेममध्ये तो ज्या दिशेला जाणार तिकडे जागा सोडा आणि बर्स्ट (सलग फोटो) सुरू करा. तुमच्या कॅमेऱ्यात शटर दाबण्याआधीचे फोटो साठवणारी सोय असेल तर ती याच क्षणासाठी आहे. पण पक्ष्याला उडवण्यासाठी टाळ्या वाजवणं, खडा मारणं, अंगावर धावून जाणं कधीही करू नका. उडताना त्याची मोठी शक्ती खर्च होते, आणि तो पिल्लांवर बसलेला असेल तर पिल्लं उघडी पडतात. घरट्याजवळ उडत्या फोटोंचा नाद सोडलेलाच बरा.

घरी आल्यावर फोटो वाचणं

मऊ आलेला फोटो पुसण्याआधी शंभर टक्के मोठा करून बघा. शरीर आणि डोळा स्पष्ट, पंखांची टोकं पुसट: शटर आणखी वेगवान हवा, किंवा ते तसंच छान दिसतंय. सगळं एकाच दिशेने फराटल्यासारखं: कॅमेरा पक्ष्याच्या वेगाने फिरला नाही. पक्षी मऊ, पण मागची फांदी नाहीतर पुढचं गवत एकदम स्पष्ट: हा खरा फोकसचा दोष, क्षेत्र लहान करा. शेपूट स्पष्ट आणि डोळा मऊ, आणि पक्षी तुमच्याकडे येणारा: फोकस मागे पडतोय, शटर दाबण्याआधी पक्ष्यासोबत कॅमेरा फिरवण्याचा वेळ वाढवा. डीएसएलआरवर हेच बसलेल्या, स्थिर पक्ष्यातही दिसत असेल तर लेन्स आणि कॅमेऱ्याचा मेळ चुकलाय. मेनूतल्या फाइन-ट्यूनने तो जुळवता येतो.

फ्रेममध्ये काहीच नीट स्पष्ट नाही, पिसांच्या कडा हलत्या पाण्यातून बघावं तशा लडबडलेल्या, आणि फोटो भर दुपारी दूरच्या पक्ष्याचा? ती तापलेल्या जमिनीवरची हवा. त्याला जगातल्या कुठल्याही ऑटोफोकसकडे उपाय नाही. सकाळी लवकर जा किंवा जवळ जाता येईल असा पक्षी निवडा.

सराव मोठ्या आणि संथ पक्ष्यांपासून करा: आकाशात उडणारे बगळे, घारी, करकोचे. त्यात दहातले सहा-सात फोटो नीट यायला लागले की कबुतरांच्या थव्यातलं एकच कबूतर धरून ठेवायचा प्रयत्न करा. मग झाडीसमोरचे बगळे, म्हणजे लहान क्षेत्रावर हात बसेल. भिंगऱ्या आणि सूर मारणारा खंड्या अगदी शेवटी. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

मेळ बसला की आकाशाची मांडणी सी१ मध्ये आणि झाडीची सी२ मध्ये (स्वतःची सेटिंग्ज साठवायच्या जागांत) साठवून टाका. कॅननवर ऑटो-अपडेट बंद ठेवा, म्हणजे चुकून झालेला बदल कायम राहणार नाही. निकॉनच्या वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत सी१ ऐवजी बँका असतात, आणि त्याही शूटिंग मेनूसाठी वेगळ्या, कस्टम सेटिंग्जसाठी वेगळ्या. ऑटोफोकसची बरीच सेटिंग्ज दुसऱ्या बँकेत असतात, तेव्हा बदलताना दोन्ही बदला.